धर्माच्या पुढचा रकाना

आमच्या शाळेत कवायतीच्या एक बाई होत्या. त्यांना "कशा आहात?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की त्या चालता चालता थांबायच्या, छत्रीचं टोक फरशीवर टेकवायच्या, टाचा जुळवायच्या आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "कायम!" बस्स. बरी आहे नाही, चाललंय आपलं नाही. अंगात ताप असो, पाय मुरगळलेला असो, बाई आपल्या कायम. नवीन माणूस दचकायचा. मी पहिल्याच दिवशी दचकले आणि हातातली दौत सांडली. शाई लाल होती आणि साडी आईची होती, तेव्हा तो दिवस मी विसरेन म्हटलं तरी आईनं विसरू दिला नसता.

ही उज्जैनची गोष्ट. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती. महाराजांचं राज्य जाऊन मध्य भारत झाला होता, आणि आता तो मध्य भारतही मोडून आणखी मोठं राज्य होणार अशी बोलवा होती. आमचे पूर्वज दरबारच्या चाकरीत इकडे आलेले. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी असा आमचा कारभार. मी मॅट्रिक झाले, वडील पेन्शनीत निघाले, दोन भाऊ शिकत होते. तेव्हा मुलींच्या सरकारी शाळेत मला ऑफिसात लिहिण्याचं काम मिळालं. अक्षर चांगलं होतं, तेवढीच काय ती अक्कल. नोकरी अस्थायी. म्हणजे दर वर्षी कुणाच्या तरी मेहेरबानीनं पुढे ढकलायची.

बाईंचीही अस्थायीच. माझी दोन वर्षांची आणि त्यांची अकरा, एवढाच फरक. त्या मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. लढाईच्या दिवसांत मिशनच्या एका छोट्या शाळेत म्हणून उज्जैनला आल्या. ती शाळा बंद पडली, साहेब लोक बोटीत बसून गेले, आणि बाई आमच्याकडे कवायत घ्यायला लागल्या. उंच, सावळ्या, हाडापेरानं मजबूत. सुती पांढरं लुगडं, खाली कॅनव्हासचे बूट. गळ्यात काळा गोफ असायचा आणि तो पदराखाली गेलेला. नव्या मुली आपसात कुजबुजायच्या की त्याला क्रूस असणार. मैदानावर बाई गोफ ओढायच्या आणि खालून निघायची शिट्टी.

लग्न केलं नव्हतं. "का नाही केलंत?" असं आमच्या शिवणाच्या बहनजींनी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "एक मास्तर आले होते पाहायला. मी त्यांच्याहून चार बोटं उंच निघाले. ते म्हणाले, वाकून चालाल का? मी म्हटलं, नाही बुवा." आणि स्वतःच खो खो हसल्या.

त्यांची मंडळी, म्हणजे देवळात जमणारी ख्रिस्ती माणसं, इथं मूठभर आणि सगळी हिंदी बोलणारी. गाणी हिंदीत. बाईंना चाली सगळ्या येत, पण शब्द नगरचे, मराठी. त्या रविवारी उभ्या राहून मराठीत गायच्या, तेही सगळ्यांत मोठ्यांदा. शेवटी पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, "बहनजी, लोग भटक जाते हैं." बाई म्हणाल्या, "तो कसके पकड़ें न अपना!" पुढच्या रविवारपासून त्या मागच्या बाकावर बसू लागल्या, पण मराठी काही सोडली नाही. "देवाला दोन्ही येतात," एवढंच मला म्हणाल्या.

आमच्या शाळेत संस्कृतचे एक म्हातारे पंडितजी होते. भला माणूस. बाईंचा त्यांच्यावर जीव आणि त्यांचाही बाईंवर. महिन्या-दोन महिन्यांनी ते तपकिरीची डबी टिचकावत विचारायचे, "बहनजी, अब तो अंग्रेज भी गए. अब काहे की ईसाई? लौट आओ." त्यात वाकडं काही नसायचं. सासरी छळ होत असलेल्या लेकीला म्हणावं तसं म्हणायचे. बाई म्हणायच्या, "पंडितजी, मैं अंग्रेज के साथ आई थोड़े ही थी, जो उसके साथ चली जाऊँ?" पंडितजी हसायचे, चिमूट ओढायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

पण एकटे पंडितजी विचारत असते तर गोष्ट वेगळी. दूधवाला विचारायचा, शेजारची विचारायची, एकदा तर किराणाच्या दुकानात गूळ तोलता तोलता एकानं विचारलं. बाई हसून उत्तर द्यायच्या. मात्र एकदा खोलीवर परत आल्यावर छत्री कोपऱ्यात ठेवून म्हणाल्या, "रोज कुणीतरी दार वाजवून विचारतं, तू अजून आहेस का गं? रोज किती वेळा हो म्हणायचं?" मला काय ठाऊक त्यातलं! मला आयुष्यात कुणी कधी विचारलंच नव्हतं की तू कोण आणि का.

त्यांची खोली देवास गेटच्या बाजूला, मोटारस्टँडच्या मागच्या गल्लीत. शाळा सुटली की मी तिथं चहाला जायची. घरी सांगायची, लायब्ररीत जाते. आईला कळलं असतं की मी ख्रिस्ती बाईंकडे चहा पिते, तर तिनं मला मारलं नसतं, पण माझी कपबशी निराळी काढली असती, आणि ते मारापेक्षा वाईट. बाईंनी एक दिवस सरळ विचारलं, "आईला काय सांगून येतेस?" मी सांगितलं. मला वाटलं आता हाकलतील. त्या चहा गाळत म्हणाल्या, "मग उद्यापासून आधी खरंच लायब्ररीत जा. पाच मिनिटं बस, मग इकडे ये. अर्धं तरी खरं होईल. उरलेलं अर्धं सावकाश."

त्यांच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. शाळेत मुलींची उंची-वजनं घेणं बाईंकडेच होतं. भिंतीला पोर उभी करून डोक्यावर पट्टी ठेवायच्या आणि ओरडायच्या, "वाढा गं, वाढा! फुकट आहे!" तेव्हा मला वाटलं, गल्लीतली पोरं मोजत असतील. पण रेघांना काही धरबंध नव्हता. एक खांद्याशी, एक कमरेशी, तीन जवळजवळ, आणि एक तर चक्क गुडघ्याशी.

"ही कुणाची? रांगतं पोर होतं का?" मी विचारलं.

"माझी," बाई म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. दर शनिवारी संध्याकाळी बाई त्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहायच्या. डोळे मिटायच्या, सबंध आठवडा आठवायच्या, कुणाला काय बोललो, कुठं खोटं बोललो, कुठं प्रार्थनेला कंटाळलो, आणि मग मनाला येईल तिथं पट्टी टेकवून रेघ मारायच्या. आपण आतून किती वाढलो त्याची रेघ! मी हसले. अगदी तोंडावर हसले, आता लाज वाटते.

"हस, हस," त्या म्हणाल्या. "शरीर सोळाव्या वर्षी थांबतं, त्याला कुणी दोष देत नाही. पण आतलं थांबलं की संपलंच. मोजलं नाही तर कळायचं कसं?"

"आणि ही गुडघ्याची?"

बाईंचा चेहरा पडला. "ती चार वर्षांपूर्वीची. शेजारणीशी नळावरून भांडले. भांडता भांडता तिला वांझ म्हणाले. मी! मी कोण मोठी लेकुरवाळी लागून गेले? ती घागर उचलून घरात गेली. त्या शनिवारी पट्टी गुडघ्याच्या वर जाईच ना."

"मग?"

"मग काय, गेले माफी मागायला. तिनं दार नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. चौथ्या दिवशी तिनं दार उघडलं आणि म्हणाली, चटणी वाटतेय, आत या नाहीतर जा, दारात उभं राहू नका. म्हणून ही बघ, पुढची रेघ इथं." त्यांनी कमरेशी बोट ठेवलं.

तर अशा त्या. आता मी माझ्या पापाकडे येते.

राज्य बदलणार हे नक्की झालं तसं वरून फर्मान आलं की सगळ्या अस्थायी मास्तरणींची यादी पाठवा. यादीत नाव असेल त्यांचा नव्या राज्यात विचार होईल, नसेल त्यांना राम राम. नमुन्याचा फॉर्म आला एकच. आमच्या बड़ी बहनजी, म्हणजे हेडबाई, मला म्हणाल्या, "हाथ से नकल कर लो, तुम्हारी लिखावट अच्छी है." नऊ प्रती करायच्या होत्या. मी फूलस्केप कागद घेतले, पट्टीनं रकाने आखले. नाम, जन्मतिथि, शिक्षा, धर्म. त्यानंतरचा रकाना नमुन्यात होता, 'सेवा में कायम अथवा अस्थायी'. एवढा लांबलचक मथळा मावायला माझ्या कागदावर जागाच उरली नव्हती. पुन्हा आखायचा कंटाळा. मी डोकं चालवलं आणि नुसतं लिहिलं, 'कायम?' प्रश्नचिन्हासकट. नऊच्या नऊ प्रतींवर. आणि खाली झोकात सही ठोकली, 'प्रतिलिपि सत्य है'.

आठजणींनी त्या रकान्यात 'नहीं' लिहिलं. ज्याच्या डोक्यात चोवीस तास नोकरीचीच काळजी, त्याला दुसरा अर्थ सुचणार कुठून? पण बाईंनी डावीकडून उजवीकडे वाचलं. धर्म. त्यांनी लिहिलं, ईसाई. त्याच्या पुढे सरकार विचारतंय, कायम? इतकी वर्षं जे दूधवाल्यानं विचारलं, पंडितजींनी विचारलं, ते आता सरकार रकाना आखून विचारतंय. बाईंना म्हणे आनंदच झाला. एकदाचं लेखी विचारलं, आता लेखी देऊन टाकू. त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'हाँ. कायम. अंतिम साँस तक.'

फॉर्म गठ्ठ्यानं गेले. कुणी वाचले नाहीत, मीही नाही.

तीन आठवड्यांनी निरीक्षक साहेबांच्या दफ्तरातून पत्र आलं. अस्थायी असताना स्वतःला कायम दाखवून खोटी माहिती दिली, सबब या मास्तरणीनं साहेबांसमोर हजर होऊन स्वतःच्या हातानं लिहून द्यावं, 'मैं कायम नहीं हूँ, मुझसे भूल हुई.' नाही दिलं तर नाव यादीतून खारीज.

बड़ी बहनजींनी आम्हा दोघींना बोलावलं. पत्राला बाईंचा फॉर्म टाचून आला होता. फॉर्म समोर होता, माझा रकाना समोर होता, माझी सही समोर होती. मी एक अक्षर बोलले नाही.

"लिख दो न बहनजी," बड़ी बहनजी म्हणाल्या. "एक लाइन की तो बात है."

"एक ही लाइन की बात है," बाई म्हणाल्या, "इसीलिए नहीं लिखती."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मी बाईंना गाठलं. "बाई, अहो ते नोकरीबद्दल विचारलंय. धर्माबद्दल नाही."

"ते आता कळलं मला. मी काय खुळी आहे?"

"मग लिहून द्या की! नोकरीत कायम नाही, असं लिहा."

"साहेबांच्या दफ्तरातल्या बाबूला विचारलं मी. तो म्हणतो, जेवढं सांगितलं तेवढंच लिहायचं, एक अक्षर जादा नको. आणि तो कागद या फॉर्मला जोडणार. म्हणजे फॉर्मवर धर्म ईसाई, पुढे कायम, आणि खाली माझ्या हातचं, मी कायम नाही, चूक झाली. मला ठाऊक आहे नोकरीबद्दल आहे, तुला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक आहे का?"

"कागद कोण वाचतंय हो?"

बाई म्हणाल्या, "मी लिहिणार ना. म्हणजे मी वाचणार."

पुढे आठ दिवस होते साहेबांपुढे जायला. ते आठ दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. बाईंचं वय पंचावन्नाच्या घरात. नगरला सख्खं असं कुणी उरलेलं नाही. कवायतीची म्हातारी बाई कोण नव्यानं ठेवून घेणार? आणि हे सगळं कशामुळे, तर मला एक कागद पुन्हा आखायचा कंटाळा आला म्हणून. सांगायला हवं होतं, हो, सांगायला हवं होतं. पण 'प्रतिलिपि सत्य है' वर सही माझी. खोटी नक्कल खरी म्हणून दाखवली, हा माझा गुन्हा. मीही अस्थायी. वडिलांच्या पेन्शनीवर घर चालत नव्हतं. रोज ठरवायची, आज बोलते. रोज ते उद्यावर ढकलायची. त्या आठवड्यात मी बाईंकडे चहालाही गेले नाही. लायब्ररीत मात्र रोज गेले आणि पाच मिनिटांऐवजी तासभर बसले.

बाईंनी मला एका शब्दानं विचारलं नाही. रकान्यातली अक्षरं माझी आहेत हे त्यांना ओळखू आलं नसेल का? शाळेतल्या प्रत्येक कागदावर माझंच अक्षर असायचं. पण नाही म्हणजे नाहीच विचारलं.

साहेबांपुढे जायच्या दिवशी बड़ी बहनजींनी मला बाईंबरोबर पाठवलं, बाईंचा फॉर्म, नमुन्याचा फॉर्म आणि रजिस्टर सांभाळायला. दुपारी बाराचा सुमार. निरीक्षक साहेब दात दुखत असल्यामुळे गालाला रुमाल बांधून बसलेले. बड़े बाबू बाजूला कोरा कागद आणि टाक घेऊन तयार. साहेबांनी फॉर्म वाचला. 'अंतिम साँस तक' हे दोनदा वाचलं.

"माताजी," ते रुमालातून म्हणाले, "ग्यारह साल से अस्थायी हो और लिखती हो कायम. वो भी अंतिम साँस तक! सरकार से मजाक?"

बाई ताठ उभ्या.

"बोलो. कायम हो?"

हा प्रश्न कुणी विचारावा आणि बाईंनी तडक उत्तर देऊ नये, हे मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांचा हात खांद्यावरच्या पिशवीत गेला. मला वाटलं, रुमाल शोधताहेत.

"साहब," कुणीतरी म्हणालं. बघते तर मीच. "साहब, गलती मेरी है. कॉलम मैंने छोटा कर दिया. असल में लिखा था, सेवा में कायम. कागज पे जगह नहीं थी. बहनजी ने धरम के बारे में समझा. वो झूठ नहीं बोलीं, साहब. झूठी नकल मैंने की और सही भी मैंने ही की." नमुन्याचा फॉर्म मी टेबलावर ठेवला नाही, जवळजवळ फेकला.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग मला जे काही बोलले ते पाच मिनिटं पुरलं. मॅट्रिक कुणी पास केलं तुला, घरी भांडी घास, सरकारी कागद म्हणजे काय पापडाची लाटी वाटली का, हवी तेवढी लाटली. मी मान खाली घालून सगळं ऐकलं, आणि खरं सांगू? ऐकताना छातीवरचा धोंडा उतरत होता. म्हटलं, बोला, आणखी बोला.

मग ते पुन्हा फॉर्मकडे वळले. "धर्म ईसाई. कायम? हाँ, कायम, अंतिम साँस तक," असं मोठ्यानं वाचलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसताना दात कळवळला, गाल धरून कण्हले आणि पुन्हा हसले. टाक उचलून माझ्या रकान्याच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं त्यांनी लिहिलं, 'सेवा में'. "हाँ, तो माताजी. सेवा में कायम?"

"नहीं साहब," बाई म्हणाल्या. "सेवा में अस्थायी. ग्यारह साल."

"ग्यारह साल कैसे? तीन साल में तो केस भेजना चाहिए था." त्यांनी बाबूकडे पाहिलं, बाबूनं छताकडे पाहिलं. साहेबांनी समासात काहीतरी खरडलं आणि हातानं आम्हाला जा म्हणून खूण केली. मी दारात पोहोचते तोच मागून हाक, "ए लड़की, नाम क्या है तुम्हारा?" नाव लिहून घेतलं.

त्याचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सर्विस बुकात मी रिटायर होईपर्यंत होती. लाल शाईतला तेवढा एकच शेरा, आणि सगळ्या नोकरीत अभिमान वाटावा अशी तेवढी एकच नोंद. समासात साहेबांनी जे खरडलं त्यातून सहा महिन्यांनी नव्या राज्याचा हुकूम निघाला आणि बाई नोकरीत पक्क्या झाल्या. पंडितजींनी पेढे वाटले. वाटताना म्हणाले, "चलो, अब तो नहीं पूछूँगा." आणि दोन महिन्यांनी विचारलंच.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. आम्ही बाहेर आलो, टांगा केला. मला हसूही येत होतं, रडूही येत होतं, नाक गळत होतं. "बाई, सुटलो हो! सुटलो!" एवढंच मी परत परत म्हणत होते. टांगा देवास गेटच्या बाजाराला लागला तेव्हा बाईंनी पिशवीत हात घातला, एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

उघडला. बाईंचं टपोरं अक्षर. 'मैं कायम नहीं हूँ. मुझसे भूल हुई.' खाली सही. तारीख त्याच दिवसाची.

"सकाळी लिहिला," बाई म्हणाल्या. "प्रार्थनेला बसले तर तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांपुढे सारखं नगरचं स्टेशन येत होतं. मी ट्रंक घेऊन उतरलेय आणि न्यायला कुणी नाही. घाबरले गं. लिहून टाकला. साहेबानं आणखी एकदा विचारलं असतं ना, तर देऊन मोकळी झाले असते. हात घातला होता मी पिशवीत. तेवढ्यात तू बोललीस."

"पण दिला नाहीत ना," मी कसंबसं म्हटलं.

"दिला नाही असं नाही. द्यायची पाळी आली नाही. मी टिकले नाही, मला टिकवलं."

"कुणी?" मी वेड्यासारखं विचारलं.

"त्यानं. आणखी कुणी?" बाईंनी मान वर केली. ओठ थरथरत होते, पण त्यातही त्यांना हसू येत होतं. "इतकी वर्षं रोज मागतेय, मला घट्ट कर, मला भिऊ देऊ नकोस. आणि त्यानं पाठवली कोण, तर तू! सगळ्या शाळेतली सगळ्यात भित्री पोर!"

मी हसले, त्या हसल्या. मग म्हणाल्या, "फाड तो. माझ्यानं फाडवत नाही."

मी त्याचे इतके बारीक तुकडे केले की पुन्हा कुणी जोडायला बसलं असतं तर आयुष्य गेलं असतं. टांगेवाला मागं वळून वळून आमच्याकडे पाहत होता. शेवटी त्याला राहवेना. "क्या हुआ बहनजी? कोई गुजर गया क्या?"

"नहीं भैया," बाई म्हणाल्या. "बच गए. दोनों."

आणि इतका वेळ ताठ बसलेली ती बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. भर बाजार, उघडा टांगा. समोर आमच्या गल्लीतल्या दोन काकू भाजी घेत होत्या, त्यांनी आम्हाला पाहिलं, एकमेकींना कोपरानं ढोसलं. संध्याकाळच्या आत आईला कळणार होतं. कळू दे म्हटलं, आणि मी बाईंच्या गळ्यात हात टाकला.